डॅक, स्ट्रीमर आणि सासूबाईंचं बटण

घरात चांगला स्ट्रीमर आणि चांगला डॅक घ्यायचा असं ठरलं तेव्हा माझं म्हणणं अगदी साधं होतं. बाबांच्या सीड्या आता प्लेअरमध्ये अडकायला लागल्यात, प्लेअरचं लेझर दमलंय, तर त्या सगळ्या एका हार्ड डिस्कवर चढवायच्या, हॉलमधल्या जुन्याच ॲम्प्लिफायर-स्पीकरवर नीट ऐकायच्या आणि जे घरात नाही ते इंटरनेटवरून लावायचं. बास. पण या विषयात शिरलं की माणूस लवकर बाहेर येत नाही, रात्री एक-दीडपर्यंत फोनवर कुठल्यातरी जर्मन माणसाचं पॉवर केबलवरचं प्रवचन वाचत पडलेला असतो. आता घेऊन झालंय, वायरी लागल्यात, नवरा परत माझ्याशी इतर विषयांवर बोलायला लागलाय, तर जे कळलं ते लिहून टाकते. कारण इंग्रजीत यावर ढिगाने लिहिलेलं आहे पण त्यातलं कोणी तानपुऱ्याबद्दल बोलत नाही, आणि माझं निम्मं ऐकणं तेच आहे.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की स्ट्रीमर म्हणजे गाण्याचा डेटा इंटरनेटवरून किंवा घरातल्या डिस्कवरून ओढून आणणारा डबा, आणि डॅक म्हणजे त्या डेटातल्या आकड्यांचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डबा, जो सिग्नल पुढे ॲम्प्लिफायरला जातो. दोन्ही एकाच खोक्यात पण मिळतात. डॅक तुमच्या फोनमध्ये आहे, टीव्हीत आहे, ब्लूटूथ स्पीकरमध्ये आहे. ॲपलचं ते बोटभर लांब हेडफोनचं डोंगल, अमेरिकेत ९ डॉलरला मिळतं, त्यातही अख्खा डॅक बसलेला असतो आणि मोजमापात तो चांगलाच निघतो. दुसऱ्या टोकाला इंग्लंडमधल्या डीसीएससारख्या कंपन्या आहेत, त्यांच्या डॅकच्या किमतीत इथे बरी मोटारगाडी येते. मधल्या सगळ्या पायऱ्यांवर कोणी ना कोणी उभं आहेच, आणि प्रत्येक जण सांगतो की खरा आवाज याच्या वरच्या पायरीपासून सुरू होतो.

दुकानात ऐकायला गेलो तो प्रसंग सांगितलाच पाहिजे. दक्षिण मुंबईतलं चकाचक दुकान, भिंतींना गाद्या लावल्यासारखं काहीतरी, एसी इतका की मी ओढणी गळ्याभोवती गुंडाळून बसले. प्रश्न मी विचारत होते आणि तिथला मुलगा उत्तरं नवऱ्याकडे बघून देत होता. नवऱ्याला यातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे तो प्रत्येक उत्तरानंतर माझ्याकडे बघायचा, असा आमचा तिघांचा त्रिकोणी संवाद बराच वेळ चालला. त्याने जॅझ लावलं, बाई अगदी कानात कुजबुजल्यासारखी गात होती, छान होतं. मी म्हटलं, पेन ड्राइव्ह आणलाय, किशोरीताईंचं लावतो का? तो म्हणाला, "मॅडम, इंडियन क्लासिकलमध्ये सिस्टीम कळत नाही." इथे माझं डोकं जरा फिरलं.

कारण तानपुऱ्याइतकी अवघड परीक्षा दुसरी नाही असं माझं मत आहे. ज्यांनी गाणं थोडंफार शिकलंय त्यांना स्वयंभू गांधार माहीत असतो. तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप बोलायला लागतो, कोणी छेडलेला नसतो तरी. तो त्या तारेचा पाचवा उपस्वर. काळी एकच्या पट्टीतला पुरुषी तानपुरा धरला तर खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला वाजते, त्याची पाचपट ३४६ हर्ट्झच्या आसपास, आणि तिथे तो गांधार बसलेला असतो. त्याच्या वर जवारीची सगळी झिलई, घोडीवर तारेखाली सरकवलेल्या त्या सुताच्या तुकड्यामुळे तयार होणारी, ती कित्येक हजार हर्ट्झपर्यंत पसरलेली. शिवाय हे सगळं अखंड चालू असतं, गाणारा थांबला तरी थांबत नाही, त्यामुळे कुठे काही बिघडलं तर लपायला जागा नाही. मी तोच माझा निकष ठरवून टाकला. जे यंत्र मला मागच्या तानपुऱ्यातला गांधार ऐकवेल ते चांगलं. त्या मुलाने शेवटी पेन ड्राइव्ह लावला, आणि खरं सांगू का, लाखमोलाच्या डॅकवर गांधार आला, त्याच्या शेजारी ठेवलेल्या त्याच्या एक दशांश किमतीच्या डॅकवरही आला. तो म्हणाला, महागड्यात स्टेज, म्हणजे आवाजाचा पसारा, मोठी वाटते ना सर? सर म्हणाले हो.

मग घरी येऊन शोधायला बसले की हे असं कसं. यात आवडलेली गोष्ट ही की डिजिटल आवाजाबद्दल आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक चित्र असतं, गुळगुळीत लाटेच्या जागी जिन्यासारख्या पायऱ्या, आणि जितके जास्त आकडे तितक्या बारीक पायऱ्या. हे चित्र चुकीचं आहे. नायक्विस्ट आणि शॅनन या दोघांच्या नावाचा जो सिद्धांत आहे तो सांगतो की एका ठरावीक वारंवारतेपर्यंतचा आवाज असेल आणि तुम्ही त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजमाप घेतलं, तर मूळ लाट जशीच्या तशी परत मिळवता येते, मधल्या जागा अंदाजाने भरायच्या नसतात. सीडी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजते, म्हणजे २२,०५० हर्ट्झपर्यंतचं सगळं आलं, आणि माणसाचा कान अगदी तरुणपणी २०,००० पर्यंत जातो, माझ्या वयात त्याच्या बराच खाली. हा ४४,१०० चा विचित्र आकडा कुठून आला तेही मजेशीर आहे. सुरुवातीच्या काळात डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ रेकॉर्डर वापरायचे, आणि हा आकडा ५० हर्ट्झच्या आणि ६० हर्ट्झच्या, दोन्ही टीव्ही पद्धतींत बरोबर बसायचा. २९४ गुणिले ५० गुणिले ३ करून बघा, मग २४५ गुणिले ६० गुणिले ३ करून बघा. फिलिप्स आणि सोनीने १९८२ मध्ये सीडी बाजारात आणली ती हाच आकडा घेऊन, आणि आज आपल्या फोनवरची बहुतेक गाणी अजून त्याच मापाची आहेत.

बाकी राहिले बिट, म्हणजे प्रत्येक मोजमाप किती बारकाईने लिहून ठेवायचं ते. सीडीत १६ बिट, त्यातून सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात साधारण ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. २४ बिटमध्ये कागदावर १४४. दुकानदार हा आकडा फार प्रेमाने सांगतात. आता माझा हॉल बघा. पार्ले पूर्व, वरून विमानं, एका अंगाला रेल्वे, समोर कायम कुठल्यातरी सोसायटीचं रिडेव्हलपमेंट, आणि सगळं जग शांत झालं तरी डोक्यावर पंखा. फोनवरच्या ॲपने मोजलं तर रात्रीसुद्धा चाळीसच्या खाली काटा क्वचित जातो. म्हणजे सीडीचे पूर्ण ९६ डेसिबल जरी वापरायचे म्हटले तरी आवाज १३६ पर्यंत न्यावा लागेल, त्याआधी कान जातील आणि वॉचमन वर येईल. शिवाय मी जे ऐकते ते बहुतेक जुन्या टेपवरचं. चांगल्या ॲनालॉग टेपची झेप साठ-सत्तर डेसिबलच्या घरात, ७८ च्या तबकडीची त्याहून कितीतरी कमी. मल्लिकार्जुन अण्णांचं साठच्या दशकातलं रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये घेतलं तर त्या जादाच्या आठ बिटांत टेपची खसखस अधिक बारकाईने साठवली जाते, दुसरं काही नाही.

तरी मी म्हटलं, सिद्धांत बाजूला ठेवू, कानाने बघू. भावाच्या एका मित्राकडे आर-टू-आर डॅक होता, म्हणजे तयार चिप न वापरता रेझिस्टरची शिडी बांधून केलेला, वजनाला घरघंटीइतका, तो त्याने भरवशाने वापरायला दिला. दुसरा एक तळहाताएवढा चिनी डॅक, ज्यात ईएसएसची सेबर चिप. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना मोठा डॅकच आवडला, अगदी सासऱ्यांना पण, आणि ते सहसा कुठल्याही गोष्टीत मत देत नाहीत. मग भाचा म्हणाला, मावशी, याचा आवाजच मोठा आहे. भाचा इंजिनीअरिंगला आहे, लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं साधं मल्टिमीटर त्याच्या बॅगेत कायम असतं. त्याने ५० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर व्होल्टेज मोजलं (५० हर्ट्झच का, तर स्वस्त मल्टिमीटर घरातल्या विजेच्या आसपासच नीट मोजतं, वरच्या सुरांना ते गोंधळतं) आणि निघालं ते बरोबरच. एक डॅक २ व्होल्ट काढतो आणि दुसरा अडीच, तर तेवढ्यानेच दोन डेसिबलचा फरक पडतो, आणि एवढासा फरक कानाला 'मोठा आवाज' म्हणून कळत नाही, 'जास्त स्पष्ट', 'जास्त भरीव', 'गवई समोर बसलाय' असा कळतो. मग आवाज जुळवून घेतला, भाच्याने डब्यांवर चादर टाकली आणि न सांगता वायर बदलत बसला. यानंतर कोणालाच धड ओळखता येईना. सासरे म्हणाले, दोन्ही सारखंच वाजतंय, गाणं मध्ये मध्ये थांबवू नका.

असं आमच्याच घरी झालं असंही नाही. २००७ मध्ये ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये मेयर आणि मोरान या दोघांनी छापलेला प्रयोग आहे, हाय-रेझोल्युशन आवाज सरळ ऐकवायचा आणि मध्ये सीडीच्या मापाची चाळणी लावून ऐकवायचा, लोकांना फरक ओळखता आला का? नाही आला, नाणेफेकीइतपतच. आणि २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये नोबेओका इथे एकेएमचा कारखाना जळला तेव्हा तर जगभर आपोआप प्रयोग झाला. कितीतरी नामांकित डॅकमध्ये एकेएमची चिप असायची, 'मखमली आवाज' म्हणून तिची ख्याती, ती मिळेनाशी झाल्यावर कंपन्यांना आतून सर्किट बदलून दुसऱ्यांच्या चिपा बसवाव्या लागल्या. मॉडेलच्या नावापुढे एखादं अक्षर वाढलं आणि धंदा पुढे चालू.

मग महाग डॅक घेणारे सगळे येडे का? मला नाही तसं वाटत. त्यात खरंच चांगल्या गोष्टी असतात. भक्कम पॉवर सप्लाय, हाताला गोड लागणारा व्हॉल्यूमचा नॉब, भरपूर इनपुट, बॅलन्स्ड आउटपुट, बिघडला तर उघडून दुरुस्त करता येईल अशी बांधणी. काही जण फिल्टर मुद्दाम वेगळा ठेवतात, उदाहरणार्थ ओव्हरसँपलिंग (मोजलेल्या आकड्यांच्या मधे हिशेबाने जादा आकडे काढणं) न करणारे डॅक वरचे सूर किंचित उतरवतात, सीडीच्या मापाला २०,००० हर्ट्झपाशी साधारण तीन डेसिबल, आणि कोणाला तो उतरलेला आवाज मऊ वाटतो, आवडतो, तर आवडू दे ना. कॉर्ड कंपनीचा रॉब वॉट्स तर बाजारातली डॅक चिप घेतच नाही, स्वतःचा हिशेब एफपीजीएवर, म्हणजे हवी तशी जोडणी करून घेता येणाऱ्या कोऱ्या चिपवर, चालवतो, त्याच्या कारागिरीबद्दल मला आदरच आहे. फक्त मला जो गांधार हवा होता त्याचं दुखणं डॅकमध्ये नव्हतं.

दुखणं कुठे होतं ते सांगते. एक तर रेकॉर्डिंगच्या आवृत्तीत. एकच मैफल ऑनलाइन तीन-चार ठिकाणी सापडते आणि त्यातल्या एखादीला कोणीतरी 'साफ' केलेलं असतं. खसखस काढणारं सॉफ्टवेअर सतत चालू असलेल्या आवाजाला खसखस समजतं, आणि मैफलीत सतत चालू काय असतं, तर तानपुरा. गवई राहतो, तबला राहतो आणि मागचा सगळा आधार पुसला जातो, पोकळीत गातायत असं वाटतं. कमी बिटरेटच्या, म्हणजे फार दाबून लहान केलेल्या, फायलीत अजून वेगळी तऱ्हा, जवारी पाण्याखालून आल्यासारखी लिबलिबते. भाजीच शिळी असेल तर कढई कुठल्या कंपनीची हे विचारून काय उपयोग. बाबांच्या सीडीवरून नीट काढलेली फाइल आणि त्याच मैफलीची पुसलेली ऑनलाइन आवृत्ती यातला फरक मला चादर टाकून, पाठ करून, स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्टीतूनसुद्धा ओळखता येतो.

दुसरं दुखणं घरच्या विजेत. आमची बिल्डिंग जुनी, अर्थिंग नावापुरतं. संध्याकाळी सगळं लावलं की स्पीकरमधून बारीक घूंऽऽ. सगळ्यांनी आधी डॅकवर संशय घेतला, त्याच्यासाठी महागडी पॉवर केबल सुचवणारेही भेटले. मी एकेक वायर काढत गेले आणि टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सची केबल काढल्यावर आवाज गप्प. ग्राउंड लूप. सेट-टॉपची केबल कुठूनतरी स्वतःचं अर्थ घेऊन येते, ॲम्प्लिफायरचं अर्थ वेगळं, दोघांच्या मधून ५० हर्ट्झ फिरत राहतो, आणि ५० हर्ट्झ म्हणजे पुन्हा थेट खर्जाच्या शेजारघरी. टीव्ही ऑप्टिकल वायरने डॅकला जोडला, त्यात तांबंच नाही, नुसता उजेड जातो, काम झालं. ती वायर कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंगही नीट करून घेतलं, ते तसंही करायलाच हवं होतं. आणि पार्ल्याच्या हवेत दोन पावसाळ्यांत आरसीए पिना काळ्या पडतात, त्या अधूनमधून काढून पुसाव्यात, याला कोणी हाय-एंड म्हणत नाही पण फरक ऐकू येतो.

इथवर आल्यावर माझा डॅकचा प्रश्न सुटला होता आणि मी स्ट्रीमरकडे वळले, तेव्हा कळलं की खरं डोकं इथे लावायला हवंय. कारण डॅक एक सर्किट आहे, पंचवीस वर्षं चालेल. स्ट्रीमर हे सॉफ्टवेअर आहे, आणि ते त्याच्या कंपनीची इच्छा असेपर्यंतच जगतं. गूगलचं क्रोमकास्ट ऑडिओ, २०१५ ला आलं, स्वस्त आणि मस्त, २०१९ च्या जानेवारीत बंद. स्क्वीझबॉक्स, या सगळ्या जमातीचा आजोबा, लॉजिटेकने २००६ मध्ये तो बनवणारी कंपनी विकत घेतली आणि २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स गुंडाळला, तरी त्याचं सर्व्हरचं सॉफ्टवेअर खुलं असल्यामुळे लोकांनी ते लिरिऑन नावाने अजून जिवंत ठेवलंय. एमक्यूए, म्हणजे हाय-रेझोल्युशन आवाज फायलीत भरण्याची एक पद्धत, तिचं तर विचारूच नका. २०१४ ला जाहीर झालं, आता हीच डिजिटल संगीताची पुढची पायरी म्हणून गाजावाजा, डॅकवर निळा-हिरवा दिवा लागावा म्हणून लोकांनी जास्तीचे पैसे मोजले, आणि २०२३ मध्ये ती कंपनी बुडीत निघून ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेली, पुढच्या वर्षी टायडल या ऑनलाइन गाण्यांच्या सेवेनेही ते काढून टाकलं. म्हणून माझं ठाम मत, दोन्ही एका खोक्यात असलेलं महागडं यंत्र घेऊ नये. डॅक वेगळा, तो टिकाऊ घ्या. स्ट्रीमर वेगळा, तो बदलायला लागला तर जीव तुटणार नाही असा घ्या.

आणि आपल्याकडची अजून एक गोची. परदेशी हाय-एंड स्ट्रीमरच्या जाहिरातीत टायडल आणि कोबझ यांची नावं सगळ्यात वर असतात. त्या सेवा भारतात अधिकृतपणे मिळतच नाहीत. ॲपल म्युझिक मिळतं, २०२१ पासून लॉसलेससकट (म्हणजे आवाजातलं काही न गाळता), पण बहुतेक महागड्या स्ट्रीमरच्या स्वतःच्या ॲपमध्ये ॲपल म्युझिक नसतं, एअरप्लेने फोनवरून पाठवत बसा. अँड्रॉइडवर चालणारे काही चिनी स्ट्रीमर ॲपलचं ॲप सरळ आतच टाकू देतात, ते त्यातल्या त्यात बरे. स्पॉटिफाय जवळजवळ सगळ्यात चालतं आणि लॉसलेस त्यांनी २०२५ मध्ये एकदाचं आणलं. तर कस्टम ड्युटी, वर जीएसटी, वर डीलरचं मार्जिन देऊन जे यंत्र घ्यायचं त्याच्या निम्म्या सोयी पार्ल्यात बसून वापरताच येत नाहीत, हे मला एकाही दुकानात कोणी आपणहून सांगितलं नाही.

तरी हे सगळं चाललं असतं. माझी खरी अडचण वेगळीच होती, आणि तीच या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती म्हणजे आपलं संगीत या यंत्रांना ओळखताच येत नाही. त्यांच्या डोक्यात तीनच रकाने, गायक, अल्बम, गाणं. रून नावाचं सॉफ्टवेअर आहे, २०१५ पासूनचं, आता हरमनच्या मालकीचं, त्याचं कौतुक यासाठी की ते पाश्चात्य शास्त्रीय संगीताचा संगीतकार, रचना, तिचे भाग, ऑर्केस्ट्रा, कंडक्टर असं सगळं लावून देतं. सुंदर देतं, खोटं कशाला बोलू. पण राग? राग हा रकानाच नाही. मला आज रात्री जौनपुरी ऐकायचा नाहीये, बागेश्री ऐकायचाय, कोणाचाही चालेल, ही इतकी साधी मागणी लाखो रुपयांच्या यंत्राला समजत नाही. साथीला तबल्यावर कोण, पेटीवर कोण, हे तर फाइलमध्ये नसतंच, सीडीच्या पुस्तिकेत असायचं आणि पुस्तिका स्ट्रीम होत नाही. काळा घोड्याच्या रिदम हाउसमध्ये बाबा जायचे तेव्हा काउंटरवरच्या माणसाला नुसतं 'ती आमिर खाँसाहेबांची मारव्याची' म्हटलं की तो मागे वळून नेमकी काढून द्यायचा. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. त्या माणसाच्या डोक्यात जी यादी होती तिच्या जागी आता आपल्याला 'यू मे ऑल्सो लाइक' मिळतं, ज्यात विलंबित बागेश्रीनंतर योगा-मेडिटेशनची बासरी येते.

वर तुकडे पाडण्याची भानगड. एलपीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मावायची, म्हणून एकच राग दोन बाजूंत कापला गेला, तो तसाच कापलेला सीडीवर आला, तसाच कापलेला ऑनलाइन आला. विलंबित एक ट्रॅक, द्रुत दुसरा. शफल चुकून चालू राहिलं तर आधी द्रुत आणि अर्ध्या तासाने त्याचं विलंबित, मधे भलतंच नाट्यगीत. आणि शफल बंद असलं तरी ट्रॅक बदलताना काही स्ट्रीमर अर्धा सेकंद दम खातात. सिनेमाच्या गाण्यात ते कळत पण नाही. इथे तानपुरा चालू आहे, गवई समेवर येतोय आणि मध्येच टक्क शांतता, परत तानपुरा. अंगावर काटा येतो, वाईट अर्थाने. असा खंड न पडता वाजणं याला गॅपलेस म्हणतात, आणि स्ट्रीमर निवडताना सगळ्यात आधी हेच तपासा, तुमच्या डिस्कवरची फाइल आणि ऑनलाइन सेवा दोन्हीवर वेगवेगळं, कारण एकीकडे नीट चालतं आणि दुसरीकडे अडखळतं असेही नग आहेत. मी ऐकलेल्या महागड्या नगांतला एक इथेच नापास झाला आणि एक अगदी स्वस्त, वीम नावाचा, पास झाला.

नेटवर्कचं पटकन. महागडे ऑडिओफाइल स्विच (लॅनच्या वायरी एकत्र जोडायचा डबा) घेऊ नका. नेटवरून येणारं डेटाचं पाकीट हरवलं तर परत मागवलं जातं आणि स्ट्रीमर आधीच काही सेकंदांचा साठा करून ठेवतो, त्यामुळे स्विच किंवा वायर महाग केल्याने गांधार तीव्र होत नाही. पण सिमेंटच्या भिंती आणि मजल्यावरच्या प्रत्येक घराचं वायफाय यामुळे गाणं तुटत असेल तर साधी लॅनची वायर स्कर्टिंगच्या कडेने ओढून घ्या. आमच्याकडे नवऱ्याने ओढली, त्याचा या प्रकल्पातला हा मुख्य सहभाग, आणि तो आल्यागेल्याला दाखवतो.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं, मला तुमचा फोन नको, ॲप नको, मला एक बटण द्या. सकाळी उठल्यावर आकाशवाणी, दुपारी रागम (आकाशवाणीची २०१६ पासूनची चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी, नेटवर असते), आणि संध्याकाळी त्यांची नाट्यगीतं. मी सगळी तुलना, सगळे तक्ते करून बसले होते आणि त्यात हा रकाना नव्हता. बघायला गेले तर बऱ्याच हाय-एंड यंत्रांना नुसता काळ्या काचेचा चेहरा असतो, हात लावायला काही नाही, सगळं फोनवरून. आणि त्या स्वस्त वीमच्या रिमोटवर प्रीसेटची बटणं होती. एकावर आकाशवाणीची अस्मिता वाहिनी, दुसऱ्यावर रागम, तिसऱ्यावर हिराबाई आणि बालगंधर्व यांची मी लावून ठेवलेली यादी. "अहो आई, हे दाबा, मग काही करायचं नाही." त्यांनी दाबलं, वाजलं, विषय संपला. स्ट्रीमर त्या बटणांवर ठरला, हे मी दुकानातल्या त्या मुलाला सांगितलं असतं तर त्याने सरांकडे बघितलं असतं.

तर अखेर घरात आलं ते असं. स्ट्रीमर स्वस्त, उद्या बंद पडला तर दुसरा. डॅक मधल्या किमतीचा, सेकंड हँड, ठाण्याच्या एका गृहस्थांकडून, आतून उघडून बघता येणारा, समोर मोठा नॉब, मागे ऑप्टिकल, कोॲक्सियल आणि यूएसबी तिन्ही. घ्यायच्या आधी त्यांच्याच हॉलमध्ये ऐकला आणि घरी आणून पुन्हा मल्टिमीटर लावून त्या तळहाताएवढ्या चिनी डॅकशी ताडून बघितला, फरक कळला नाही, तरी घेतला, कारण नॉब आवडला. उरलेल्या पैशांतले काही हॉलमध्ये जाड पडदे आणि एक गालिचा यावर गेले, सोफा भिंतीपासून हातभर पुढे ओढला, आणि यानं जे झालं ते कुठल्याच डॅकने झालं नव्हतं, डग्ग्याचा घिस्सा आता घुमून सगळ्या खोलीत पसरत नाही, जिथल्या तिथे राहतो. पंखा एकवर. गांधार येतो.

सध्या काम चालू आहे ते सीड्या चढवण्याचं आणि त्यांना नावं देण्याचं. एक युक्ती सांगते, कोणाला उपयोगी पडेल. फ्लॅक (काही न गाळता गाणं साठवणारा प्रकार) फाइलमध्ये तुम्हाला हवा तो रकाना जोडता येतो, म्हणजे 'राग' असा रकाना सुद्धा घालता येतो, पण स्ट्रीमर तो दाखवत नाहीत. जो रकाना सगळेच दाखवतात तो म्हणजे जॉनर, ज्यात लोक पॉप, रॉक वगैरे लिहितात. तिथे सरळ रागाचं नाव लिहायचं. मग जॉनरमध्ये जाऊन बागेश्री दाबलं की घरातले सगळे बागेश्री एका खाली एक. विलंबित-द्रुतचे तुकडे जोडून एक फाइल करायची. साथीदारांची नावं सीडीच्या पुस्तिकेतून बघून कॉमेंटमध्ये टाकायची, अक्षरं इतकी बारीक की भाच्याला फोटो काढून मोठं करून वाचायला लावते.

यात माझं आणि दादाचं रोज भांडण चालू आहे, तो पुण्याहून फोनवर. जोडरागांचं काय करायचं? बसंती केदार बसंतात घालायचा की केदारात? मी म्हणते दोन्हीकडे, जॉनरचा रकाना दोन नावं घेतो. दादा म्हणतो, हे साफ चूक आहे, जयपूरवाले जोडराग गातात तेव्हा तो एक स्वतंत्र राग असतो, त्याची फोड करून दोन डब्यांत भरायचा नसतो, उद्या तू नटभैरव पण दोन ठिकाणी घालशील. मी म्हटलं घालीन. मग त्याने मिश्र पिलूचा विषय काढला, की मिश्र पिलू 'म' खाली लावणार का 'प' खाली, आणि ठुमरी-दादरा यांना राग लिहायचा का प्रकार लिहायचा, आणि बाबांच्या हस्ताक्षरात ज्या कॅसेटवर नुसतं 'खाजगी, लक्ष्मीबाग, फार छान' एवढंच लिहिलंय ती कुठल्या रकान्यात. रविवारी तो पार्ल्याला येतोय, तोवर त्या सगळ्या मी 'तपासणे' नावाच्या जॉनरमध्ये टाकून ठेवल्यात.